कढईतला एकांत

माणसांना कढईत बसवायचं आणि खालून जाळ घालायचा, हा व्यवसाय मी काही वर्षं केला. पाहुणे स्वतःहून यायचे आणि निघताना आभारसुद्धा मानायचे. तरीही प्रत्येक पाहुणा कढईत उतरला की मला अपराध्यासारखं वाटायचं. हा माझा जन्माचा स्वभाव आहे. कोणाला ठेच लागली तर तो दगड मीच ठेवला असावा, असं मला आधी वाटतं. माझी बायको प्रमिला म्हणते, "स्वतःच्या लग्नात यांनी भटजींची माफी मागितली होती, होमाचा धूर त्यांच्या डोळ्यात गेला म्हणून." हे खरं आहे. धूर फारच होता.

तेव्हा या लेखात मी मधूनमधून कोणाची तरी माफी मागताना दिसेन. वाचकांनी सांभाळून घ्यावं. हीसुद्धा माफीच झाली म्हणा.

गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. धुळ्याला पाइप आणि पंपांचं दुकान असलेल्या एका शेठजींकडे मी काउंटरवर होतो. शेठजींचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण ते स्वतः धुळ्यातच वाढलेले. एकदा ते कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी मोठ्या हॉटेलात राहून आले. तिथे त्यांनी गरम पाण्याचा टब पाहिला. नुसता पाहिला नाही, त्यात तासभर बसले. खालून बुडबुडे येत होते म्हणे. परत आले ते झपाटल्यासारखे.

"वर डोंगर, बाहेर थंडी, आत गरम पाणी," ते मला म्हणाले, "माणसाला अजून काय पाहिजे? तू सांग."

मला बऱ्याच गोष्टी सुचल्या, पण समोरच्याचा उत्साह मोडायला मला जड जातं. मी "काही नाही" म्हणालो. त्याच आठवड्यात मी मॅनेजर झालो.

यावलच्या पुढे सातपुड्यात मोहपाणी नावाचं एक खोरं आहे. तिथे शेठजींनी चार कॉटेजेस बांधल्या. विटांच्या भिंती, वर कौलं, पुढे ओटा. एसटी डोंगराच्या पायथ्याशी सोडायची. तिथून आमची जीप, आणि जीप रुसली की पाय. वीज यायची, पण पाहुण्यासारखी. प्रत्येक कॉटेजला एक टब असं ठरलं होतं. प्रत्यक्षात चारही कॉटेजेस मिळून एकच टब झाला आणि तो टब नव्हता. बंद पडलेल्या एका गुऱ्हाळातली गूळ करायची लोखंडी कढई शेठजींनी उचलून आणली होती. सातआठ माणसं मांडी घालून बसतील एवढी.

आता धंदा समजावून सांगतो. कढई विटांच्या भट्टीवर बसवलेली. तिच्या तळाला लाकडी फळ्या, म्हणजे बसणाऱ्याला चटका लागू नये. जंगलातलं लाकूड तोडायचं नाही असा शेठजींचा दंडक होता, म्हणून खालून, सपाटीवरून, कपाशीच्या वाळलेल्या काड्या ट्रॅक्टरने यायच्या. पाणी तापलं की जाळ बाहेर ओढायचा, निखारे तेवढे ठेवायचे आणि मगच माणूस आत सोडायचा. हा क्रम चुकवायचा नाही. पाणी बोटाने पाहायचं नाही, बोट खोटं बोलतं. कोपर बुडवून पाहायचं, जसं आई बाळाच्या अंघोळीचं पाहते. भोवती बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा. शेजारच्या पाड्यावरचा सुकलाल भट्टी सांभाळायचा. पहिल्याच दिवशी भट्टी पाहून तो मला म्हणाला होता, "शेठनी माणसं उकायाना धंदा काढा का?" तेव्हापासून त्याने मला कधी गंभीरपणे घेतलं नाही.

राहिले बुडबुडे. शेठजींचा सगळा जीव बुडबुड्यांत. त्यांनी टायरमध्ये हवा भरायचा एक जुना कॉम्प्रेसर डिझेल इंजिनावर जोडला आणि त्याची हवा भोकं पाडलेल्या पाइपातून कढईच्या तळाशी सोडली. बुडबुडे झकास यायचे. पण इंजिनाचा आवाज असा की खोऱ्यातली पाखरं उठायची आणि शेजारी बसलेल्या माणसालाही हातवारे करून सांगावं लागायचं. शांततेसाठी आलेल्या पाहुण्यांना तो आवाज ऐकवताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी इंजिन सुरू करायच्या आधीच माफी मागून घ्यायचो, कारण नंतर ती ऐकू गेली नसती.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. पहिले काही दिवस कढईतला गूळ पुरता निघालेला नव्हता, त्यामुळे पाहुणे बाहेर आले की त्यांच्या मागे मुंग्या लागायच्या. काहीजण साबण, वजरी आणि धुवायचे कपडे घेऊन उतरायचे. फैजपूरकडचे एक केळीचे व्यापारी मिशीपर्यंत पाण्यात बसून म्हणाले होते, "केळी पिकवायच्या खोलीत यापेक्षा जास्त ऊब असते हो." मी ते मनाला लावून घेतलं आणि काड्या वाढवल्या. जळगावचे एक बँकेतले साहेब बायकोला कढईत बसवून स्वतः तट्ट्याबाहेर टॉवेल धरून पहाऱ्याला उभे राहिले आणि दोन दिवसांत पाण्याला शिवलेसुद्धा नाहीत. बाई आतून विचारायच्या, "आहात ना?" हे बाहेरून म्हणायचे, "आहे, आहे." त्यांना त्यातच सुख होतं.

हळूहळू मला कळलं, की आम्ही विकत होतो ते गरम पाणी नव्हतंच. पाणी घरोघरी तापतं. लोक येत होते ते एकांतासाठी. आमच्या भागात घरं भरलेली. नवराबायकोला एकमेकांशी बोलायचं तर मधे सासू, जाऊ, दीर, पोरंटोरं आणि ओट्यावर बसलेला कोणीतरी असतोच. आमच्याकडे येऊन जोडपी नुसती बोलत बसायची. कढई हे निमित्त. हे कळल्यावर मी जरा ताठ मानेने वावरू लागलो. आणि नेमकं तेव्हाच सोनगीरकडचं ते कुटुंब आलं.

आधी एक पोस्टकार्ड आलं होतं. प्रकाश नावाच्या मुलाचं, सुरतेला कापडाच्या दुकानात कामाला असलेल्या. नुकतंच लग्न झालं आहे, दोघांसाठी एक कॉटेज ठेवावी, हनीमूनसाठी. अक्षर सुंदर होतं. हनीमून हा शब्द मात्र लाजत लाजत, बारीक काढलेला. मी टोकाची कॉटेज झाडून घेतली, दारात झेंडूचं तोरण लावलं.

ठरल्या दिवशी टेम्पो आला. मागचं फळकूट पडलं आणि माणसं उतरू लागली. पुढे धोतर-टोपीतले आबा, म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील. मागे त्यांची बायको अक्का, मग आबांची थोरली बहीण, जिला ते सगळे फुई म्हणत. फुई म्हणजे आत्या. मग काका, काकू, चुलतभाऊ, त्यांची पोरं, एक पेटी, दोन सतरंज्या, वांग्यांची गोणी, आणि सगळ्यात शेवटी, चुकून आल्यासारखा, प्रकाश. नवी नवरी सुनंदा बायकांच्या घोळक्यात कुठेतरी होती. नाकापर्यंत पदर असल्याने ओळखू आली.

सुकलाल माझ्या कानाशी म्हणाला, "मॅनेजर, आज बठ्ठा गाव शिजाले उना." बठ्ठा म्हणजे सगळा.

मी आबांना अदबीने विचारलं, "आबा, पत्रात दोघांचंच लिहिलं होतं..."

आबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "हनीमून पोऱ्याना शे, ते खरं. पन पोऱ्या कोना शे? आमनाच ना!"

मी सतरंज्या उतरवायला हात लावला. पुढचं तर त्याहून अवघड होतं. कुलदैवताचं दर्शन झाल्याशिवाय नव्या जोडप्याला एकत्र ठेवायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. दर्शनाला जायचं होतं पुढच्या महिन्यात. म्हणजे हनीमून होता, पण नवराबायकोंनी भेटायचं नव्हतं. बायका दोन कॉटेजेसमध्ये, पुरुष दोन कॉटेजेसमध्ये, अगदी लग्नातल्या जानोशासारखी, म्हणजे वऱ्हाडाच्या बिऱ्हाडासारखी, विभागणी फुईने उभ्या उभ्या केली. टोकाच्या कॉटेजमध्ये तोरणाखाली आबा आणि काका पान जमवत बसले.

मी प्रकाशची माफी मागितली. तो बिचारा म्हणाला, "नाही हो भाऊ, तुमचं काय त्यात." त्याचा आवाज एवढा बारीक होता की मला वाकून ऐकावं लागलं. वडिलांसमोर तर तो ओठच हलवायचा.

दुपारी भरताचा बेत झाला. माझ्या कढईसाठी रचलेल्या कपाशीच्या काड्या काकांनी परस्पर पेटवल्या आणि त्यात वांगी टाकली. आमच्याकडे हिवाळ्यात चार माणसं आणि थोड्या काड्या एकत्र आल्या की वांगं आपोआप येतं, त्यात त्यांचा दोष नाही. वांगी सोलायला बायका बसल्या. प्रमिला माझ्याबरोबर तिथेच राहायची; ती त्यांच्यात जाऊन बसली आणि थोड्या वेळाने हात काळे करून माझ्याकडे आली. तिचा चेहरा निराळा होता.

"ऐका. त्या पोरीला नवऱ्याशी बोलायचंय."

"बोलू दे की."

"कुठे? कधी? तिच्या एका बाजूला फुई, दुसऱ्या बाजूला काकू." मग तिने सगळं सांगितलं. सुनंदाचं डी.एड.चं दुसरं वर्ष चालू होतं. माहेर धुळ्याचं, कॉलेज चाळीसगावला. लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी विषय काढला होता, तर मध्यस्थ म्हणाला, पुढचं पुढे पाहू. ते पुढचं आता आलं होतं. लग्नापासून तिचं कॉलेजला जाणं बंद होतं. या सोमवारी ती हजर झाली नाही तर हजेरी कमी पडणार, परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष गेलं. आणि एकदा गेलेलं वर्ष सासरी कोण परत देतं? आबांशी सून बोलणार नाही, ते बोलायचं तर प्रकाशनेच. पण प्रकाशला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो उद्याच सुरतेला निघणार होता.

"पत्र लिही म्हणावं त्याला," मी म्हणालो.

"त्याचं पत्र आलं की ओट्यावर सगळ्यांसमोर वाचतात, आणि हिचं जाईल ते चुलतदीर आधी वाचून पेटीत टाकेल. एकांत विकता ना तुम्ही? मग द्या की तिला पाव तासाचा."

खरं सांगतो, मला त्या क्षणी असं वाटलं की त्या मुलीचं कॉलेज मीच बंद पाडलं आहे. मी कामाला लागलो.

आधी मी जाहीर केलं की ओढ्यापलीकडे सूर्यास्त फार सुंदर दिसतो, पण तिथे खडकावर दोनच माणसं मावतात. आबा म्हणाले, "चाल रे परकाश, आपुन दोन्ही जाऊत." बापलेक जाऊन सूर्यास्त पाहून आले. आबांना तो विशेष वाटला नाही.

मग मी प्रकाशला सरपण आणायला कॉटेजमागे पाठवलं आणि प्रमिलाने सुनंदाला कढीलिंब तोडायला. त्या दोघांच्या मागोमाग सगळी पोरं धावली, आणि पोरांना सांभाळायला काकू. कढीलिंबाचं झाड ओरबाडून निघालं. सुनंदा आणि प्रकाश त्या झाडाच्या दोन बाजूंना उभे राहून परत आले. प्रकाशने तिला एवढंच विचारलं म्हणे, "थंडी आहे ना?" ती "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांची कढई ठरली. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही. मला वाटलं, बायका अर्ध्या तासात बाहेर येतील, मग काही जुळवता येईल. पण फुई लुगड्यासकट पाण्यात बसली ती बसलीच. अक्का आल्या, काकू आल्या, सगळ्या गळ्यापर्यंत. तट्ट्याआडून हसण्याचे आवाज. प्रमिला विचारायला गेली की पाणी बदलायचं का, तर फुई डोळे मिटून म्हणाली, "माले कोनी उठाडू नका. बठ्ठा जलम पानी तपाडामा गया. आज तपेल पानीमा बठाले भेटनं."

प्रमिलाने हे मला येऊन सांगितलं. त्या बाईला उठवायची हिंमत मला झाली नाही, आजही होणार नाही.

ऊन वर आलं. दुपारी टेम्पो निघायचा होता. प्रमिला माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, आणि ती बघत नाही तेव्हा मला जास्त कळतं.

अखेर फुई निघाली, लाल झालेली, वाफा सोडत. केस पुसता पुसता तिने कढईकडे वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आंगठी राह्यनी ना वं!"

झालं होतं असं. आमच्याकडे लग्नानंतर हळद फेडतात, तेव्हा नवरानवरीला समोरासमोर बसवून परातीतल्या पाण्यात अंगठी टाकतात. दोघांनी हात घालून शोधायची. जो आधी काढेल त्याचं घरात चालणार. भोवती सगळी माणसं ओरडतात, चिडवतात. प्रकाशच्या लग्नात नेमकं पाणी कमी पडलं, टँकर आला नाही, आणि खेळ राहून गेला. फुईच्या मनाला ते लागून राहिलं होतं.

"आते इतली मोठी परात भेटनी," ती म्हणाली, "बठाडा दोन्हीस्ले. खेयू द्या."

आबांची हरकत नव्हती. रीतच होती ती, आणि रीत म्हटल्यावर सगळ्यांसमोर बसलेलं चालतं. क्षणात तट्ट्या बाजूला झाल्या. कढईभोवती अख्खं कुटुंब उभं राहिलं. एका काठाने प्रकाश उतरला, सदरा-पायजम्यासकट, दुसऱ्या काठाने सुनंदा, पदर सांभाळत. अक्कांनी बोटातली सोन्याची अंगठी काढली आणि पाण्यात टाकली. कढईला पाणी सोडायचं भोक होतं आणि त्याला कापड गुंडाळलेला लाकडी दट्ट्या होता, जो कधीकधी स्वतःच्या मनाने निघायचा. मी मनातल्या मनात अक्कांची माफी मागून ठेवली.

"असं नाही मजा येत," एक पोरगं म्हणालं. "बुडबुडे पाहिजेत! मग दिसणार नाही!"

सगळ्यांनी उचलून धरलं. सुकलालने हँडल मारलं. इंजिन भडभडलं, कॉम्प्रेसर थडथडला, कढईतलं पाणी फसफसून पांढरं झालं आणि खोऱ्यात दुसरा काही आवाज म्हणून उरला नाही. काका ओरडत होते, त्यांचं तोंड उघडलेलं दिसत होतं. फुई टाळ्या वाजवत होती, टाळ्या ऐकू येत नव्हत्या.

मी मात्र दट्ट्याकडे डोळे लावून होतो. प्रमिलाने माझा दंड धरला आणि हनुवटीने समोर दाखवलं.

सुनंदा बोलत होती.

ती खाली वाकली होती, दोन्ही हात पाण्यात, पदर गालावर. बघणाऱ्याला वाटावं, अंगठी चाचपते आहे. पण पदराच्या आड तिचे ओठ भराभर हलत होते. समोर प्रकाशही वाकला होता, कान तिच्या तोंडाशी. आधी तो हसला. मग हसायचा थांबला. मग त्याने काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. पुन्हा बोलली, आता सावकाश. एवढी माणसं भोवती, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर, आणि एकाच्याही कानावर एक शब्द जात नव्हता. ज्या आवाजाची मी प्रत्येक पाहुण्यापुढे लाज बाळगली, त्याने त्या दोघांभोवती भिंत बांधली होती. मी दोन दिवस शांत जागा शोधत हिंडलो होतो. अक्कल अशी असते.

फुईला संशय आला. एवढा वेळ अंगठी सापडत नाही? ती माझ्याकडे वळून हाताने खूण करू लागली, हे बंद करा. मी सवयीने पुढे निघालो. पाहुण्याने सांगितलं म्हणजे करायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं. प्रमिलाची पकड आवळली. तिने माझ्या कानात तोंड घालून सांगितलं, "त्या मशीनला हात लावाल तर माहेरी जाईन." मी फुईला खुणेनेच सांगितलं की मशीन अडकलं आहे. ही मी नोकरीत केलेली सगळ्यात धीट गोष्ट.

फुई ऐकणारी नव्हती. ती तरातरा इंजिनाकडे गेली आणि सुकलालच्या पाठीत गुद्दा घातला.

इकडे प्रकाश उठून उभा राहिला होता. छातीपर्यंत भिजलेला, चेहरा पांढरा. त्याने आबांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. आबांनी कानाला हात लावला, म्हणजे काय? प्रकाशने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. आबांनी मान हलवली, ऐकू येत नाही. तेव्हा त्या मुलाने डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा वडिलांपुढे ओरडला. आणि त्याच क्षणी सुकलालने इंजिन बंद केलं.

"तिनं वरीस बाकी शे! ती शिकी! सोमवारले ती चायीसगावले जाईच जाई!"

शेवटचं "जाईच जाई" समोरच्या डोंगरावर आपटून परत आलं. जाई. जाई.

त्यानंतर जी शांतता झाली ती विकता आली असती तर शेठजी कोट्यधीश झाले असते. बुडबुडे विझत गेले. पोरंसुद्धा हलली नाहीत. सुनंदाने पदर एवढा पुढे ओढला की तिचं काहीच दिसेना. प्रकाशला आपलाच आवाज ऐकून घाम फुटला होता, तोही गरम पाण्यात.

आबा टोपी सारखी करत म्हणाले, "वरडस काबर रे? मी काय बहिरा शे का?"

"नही आबा."

"वरीस बाकी शे, ते इतला दिन सांगं काबर नही?"

"माले आतेच समजनं."

"आते? आठे? पानीमा?" आबांनी कढईकडे पाहिलं, मग फुईकडे, मग माझ्याकडे. मी "चूक झाली आबा" असं म्हणून मोकळा झालो, पण ते माझं ऐकतच नव्हते. काका मधे पडले, "लगीन व्हयनं, आते कसाले शिकनं..." आबांनी त्यांना हातानेच थांबवलं.

मधल्या मधे फुई ओरडली, "ते जाऊ द्या, आंगठी कोनाले सापडनी?"

सुनंदाने पाण्यातून मूठ वर काढली आणि उघडली. अंगठी केव्हाचीच तिच्याकडे होती. बायकांनी एकच कल्ला केला. अक्कांनी पुढे होऊन अंगठी घेतली, पण बोटात घातली नाही, तशीच हातात धरून सुनेकडे बघत राहिल्या. आबा कढईपासून दूर जाऊन टेम्पोपाशी उभे राहिले.

पुढचा तास वाईट गेला. सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, पेटी चढली, रिकामी गोणी चढली. सुनंदा कोरडं लुगडं नेसून बायकांत बसली होती, आणि सगळ्या तिच्याशी जरा जास्तच गोड बोलत होत्या. प्रकाश जीपच्या आडोशाला उभा होता. मी त्याला म्हणालो, "मशीन बंद व्हायला नको होतं, माझं चुकलं." तो म्हणाला, "भाऊ, बंद झालं नसतं तर मी अजून ओरडतच राहिलो असतो." त्याचा आवाज बसला होता.

त्या कॉटेजेस पुढे फार दिवस चालल्या नाहीत. शेठजींच्या मुलांनी दुकान वाढवलं, डोंगरात यायला कोणाला वेळ उरला नाही. कढई विकली गेली, भोक बुजवून तिच्यात पुन्हा गूळ होऊ लागला. मी धुळ्याला काउंटरवर परतलो. कितीतरी पाहुणे माझ्या हातून नाराज होऊन गेले, त्यांचे चेहरे मला आठवतात आणि मी त्यांची अजूनही मनातल्या मनात क्षमा मागतो. पण त्या दुपारचा टेम्पो आठवला की माझ्यासारख्या माणसालाही कोणाची क्षमा मागावीशी वाटत नाही.

सगळे चढले होते. ड्रायव्हरने चावी फिरवली. आबा पुढे बसायचे, पण एक पाय पायरीवर ठेवून ते थांबले. समोरच्या डोंगराकडे बघत, कोणाचंही नाव न घेता त्यांनी विचारलं,

"धुयाथून चायीसगावनी गाडी सकायमा कितला वाजता निंघस?"

टेम्पोत गलका झाला. काकांनी एक वेळ सांगितली, चुलतभावाने दुसरी, ड्रायव्हरने दोघांनाही वेड्यात काढलं. प्रकाशने तोंड उघडलं, पण आवाज निघेना. तेव्हा मागून, बायकांच्या घोळक्यातून, पदराआडून एक नवा आवाज आला. हळू, पण स्पष्ट. रोज त्या गाडीने जाणाऱ्या माणसाने सांगावी तशी तिने वेळ सांगितली. सासऱ्यासमोर ती पहिल्यांदाच बोलली होती.

आबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते पुढे चढून बसले, टोपी मांडीवर काढून ठेवली आणि मागच्या फळीवर थाप मारून अक्कांना म्हणाले,

"ऐकं का वं? डबा लवकर करना पडी."